शेषाद्री सरांची प्रायॉरिटी

निवृत्त झाल्यावर मी बँकेतलं काय काय विसरले ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. सर्क्युलरं विसरले, पासवर्ड विसरले, ज्या साहेबांचं नुसतं नाव ऐकून आम्ही टेबलं आवरायला लागायचो त्यांची आडनावंसुद्धा आता आठवत नाहीत. किस्से मात्र जात नाहीत. उलट दरवर्षी दोन-चार वाढतातच, कुठून येतात कोण जाणे. आम्ही जुनी मंडळी अधूनमधून अड्यारला सेतुरावांच्या घरी जमतो, फिल्टर कॉफी येते, आणि कोणीतरी म्हणतंच, "तो बोटीचा सांगा." सगळ्यांना पाठ असतो, तरी सांगावा लागतो. मधेच चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी कराडची. नवरा चेन्नईबाहेरच्या आवडी नावाच्या गावात, डिफेन्स फॅक्टरीत, म्हणून बदली मागून चेन्नईला आले आणि बँकेने मला अड्यार शाखेत टाकलं. शेषाद्री सर तिथले मॅनेजर. उंच, सडपातळ, कपाळावर गंधाची उभी लाल रेघ, आणि बोलणं अगदी मोजकं. सेतुराव आमचे फील्ड ऑफिसर. कर्ज मागणाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन यायचं काम त्यांचं. ते तंजावरचे मराठी.

आमच्याकडे काम होतं प्रायॉरिटी सेक्टरचं. बाहेरच्या माणसाला एवढं कळलं तरी पुरे की बँक जे कर्ज वाटते, त्यातल्या शंभर रुपयांतले चाळीस शेती, छोटे उद्योग, मच्छीमार, शिक्षण, गरिबांची घरं, बचत गट अशांनाच द्यायचे, असा नियम आहे. कमी पडलं तर तेवढी रक्कम अगदी कमी व्याजावर सरकारी फंडात नेऊन ठेवावी लागते, आणि मॅनेजरला वरून फोन येतो. बहुतेक मॅनेजर त्या फोनच्या भीतीने प्रायॉरिटी करायचे. शेषाद्री सरांना ती मनापासून आवडायची.

* * *

अड्यार म्हणजे चेन्नईतली भारदस्त वस्ती. मोठी झाडं, मोठे बंगले, मोठ्या संस्था. तर तिथल्या शाखेला एका वर्षी शेतीकर्जाचं टार्गेट आलं. मी नवीन होते. सरांना विचारलं, इथे शेती कुठे आहे? सर म्हणाले, "आहे. शोधायची आहे."

बँक शेती शोधतेय ही बातमी कशी कोण जाणे ग्राहकांत पसरली, आणि एक दिवस एक निवृत्त कर्नल आले. त्यांना बंगल्याला रंग काढायचा होता. शेतीकर्जाचं व्याज कमी असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि परसात नारळाची झाडं होती. म्हणजे आपण शेतकरीच, असं त्यांचं म्हणणं.

मला वाटलं, सर त्यांना दारातूनच परत पाठवतील. सर उठले, छत्री घेतली आणि मला बरोबर घेऊन पाहणीला निघाले. परसात चार माड. सरांनी एकेका माडाखाली उभं राहून वर पाहिलं. खत काय घालता? कर्नलसाहेब म्हणाले, काही नाही. पाणी? पावसाचं. नारळ उतरवायला कोण चढतं? कोणी नाही, पिकले की आपोआप पडतात.

सरांनी छत्री मिटली. "कर्नल, इथे शेती तुम्ही करत नाही. नारळ स्वतःच करतात. कर्ज त्यांच्या नावे द्यावं लागेल."

कर्नलसाहेब इतके हसले की आम्हाला कॉफी प्यायल्याशिवाय सोडलं नाही. बंगल्याचा रंग त्यांनी पेन्शनीतून काढला आणि त्यानंतर ठेवी मात्र आमच्याकडेच ठेवल्या.

* * *

शेती शेवटी सापडली ती माझ्या घरामागे. आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्सपासून थोडं पुढे, तळ्याच्या कडेने बायका पालेभाजी लावायच्या. मी सरांना सांगितलं, पण हेही सांगितलं की ते आपल्या शाखेपासून फार लांब पडतं. सर म्हणाले, अड्यार जी भाजी खातं ती तिथून येते ना? मग त्या आपल्याच.

त्या बायकांचा गट करून कर्ज द्यायचं ठरलं. पहिल्या मीटिंगला सेतुराव आणि मी गेलो. मला वाटलं, पहिलं वाक्य आपण तमिळमध्ये बोलावं. माझं तमिळ म्हणजे शेजारच्या मामींकडून थोडं आणि रेडिओवरच्या प्रेमगीतांतून बरंच. तमिळमध्ये कर्जाला 'कडन' म्हणतात. वाक्य घोकून नेलं होतं, "उंगळुक्कु कडन वेणुमा?" तुम्हाला कर्ज हवंय का? झाडाखाली त्या सगळ्या बसलेल्या, मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "उंगळुक्कु कादल वेणुमा?"

कादल म्हणजे प्रेम.

सेतुराव जमिनीकडे बघायला लागले. बायका एकमेकींकडे. त्यांच्यात सगळ्यात म्हातारी पच्चैअम्मा. तिने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि शांतपणे सांगितलं, "आता या वयात कादल नको, बाई. नवरा गेल्यापासून जरा निवांत आहे. कडन असेल तर दे."

त्या गटाने कर्ज घेतलं, विहीर दुरुस्त केली, पुढे मोटर बसवली. मला मात्र शेवटपर्यंत तिथे 'कादल मॅडम'च म्हणायचे. त्या दिवशी शाखेत परत आलो, तर बातमी आमच्या आधीच पोचलेली. सरांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विचारलं, "मिसेस जाधव, आज किती जणींचं मंजूर झालं?"

* * *

सेतुरावांशी मी पहिल्यांदा मराठीत बोलले तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. मी "नमस्कार" म्हटलं, तर ते म्हणाले, "यावें, बसावें. आपण कोठून आलांत?" पोथीतलं पान बोलावं तसं. मग कळलं की त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतात, मधे मधे तमिळ शब्द पेरून. बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि उंबरठ्याच्या आत ही मराठी.

एकदा मुख्य कार्यालयातून देशपांडे नावाचे तपासनीस आले. आम्ही दिलेली प्रायॉरिटी कर्जं खरी आहेत का, माणसं खरी आहेत का, हे बघायला. चेहरा असा की सगळं खोटंच असणार. सेतुराव त्यांना दिवसभर फिरवत होते. अप्पळम म्हणजे पापड लाटणाऱ्या बायका, सायकल दुरुस्तीवाला, कीरै म्हणजे पालेभाजीच्या बायका. दुपारपर्यंत देशपांड्यांचा चेहरा सैल झाला, आणि सेतुराव मराठी बोलतात हे कळल्यावर तर ते खुलले. गावाकडे कधी जाता, म्हणून विचारलं.

सेतुराव म्हणाले, दर पोंगलला. तंजावरला.

तसं नव्हे, देशपांडे म्हणाले. मूळ गावी. महाराष्ट्रात.

सेतुरावांनी थोडा विचार केला. "जावें असें फार वाटतें. पण तेथून निघून तीनशें वर्षें होऊन गेलीं. आतां उतरायचें कोणाकडे?"

संध्याकाळी निघताना देशपांड्यांनी आपल्या पुण्याच्या घरचा पत्ता लिहून सेतुरावांच्या हातात दिला. आणि सेतुराव खरंच गेले, सहकुटुंब. देशपांड्यांकडे उतरले, देव केले, गड पाहिले, एसटीने हिंडले. परत आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती. मी विचारलं, कसा वाटला महाराष्ट्र?

सेतुरावांच्या डोळ्यांत अजून नवल होतं. "मॅडम, तेथें बसचा कंडक्टरसुद्धां आमच्या घरांतली भाषा बोलतो."

* * *

आता तो बोटीचा.

अड्यारची नदी समुद्राला मिळते त्या बाजूला कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या मारीने आणि त्याच्या तीन भावांनी मिळून फायबरच्या बोटीसाठी कर्ज मागितलं. आधी ते दुसऱ्या एका बँकेत जात होते, तिथे उद्या या, परवा या चाललं होतं. शेषाद्री सर स्वतः वाळू तुडवत त्यांच्या घरी गेले आणि कर्ज मंजूर केलं.

बोट आल्यावर ती पाहायला आम्ही तिघंही गेलो. नवी कोरी, निळी बोट. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मोठ्या तमिळ अक्षरांत रंगवलं होतं 'शेषाद्री'. सरांना इतकं अवघडल्यासारखं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मारीला म्हणाले, देवाचं नाव द्यायचं होतं. मारी म्हणाला, देवाचं नाव इथे सगळ्यांच्याच बोटींवर आहे, सर. गर्दीत त्याला आमची ओळखू येणार नाही.

मग एका ऐप्पसीत, म्हणजे आपल्या कार्तिकाच्या सुमाराला इकडे जो वादळी पाऊस येतो त्या दिवसांत, सकाळी शाखेत फोन वाजला. सरांनीच उचलला. पलीकडे मारीची बायको. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. ती एकच सांगत होती, शेषाद्री परत आला नाही. बाकी सगळे आले, शेषाद्री आला नाही.

सर म्हणाले, "अम्मा, मी इथेच आहे." आणि मग त्यांना कळलं. फोन ठेवला आणि छत्री उचलली. मला म्हणाले, शाखा सांभाळा, आणि सेतुरावांना घेऊन निघून गेले.

दिवसभर ते किनाऱ्यावर होते. पाऊस आडवा येत होता, छत्र्या केव्हाच उलट्या झाल्या होत्या. वस्तीतल्या बायका वाळूवर बसलेल्या, कोणी रडत नव्हतं, सगळ्या पाण्याकडे बघत होत्या. सेतुराव सांगतात, सर त्यांच्याच ओळीत बसले. बायकांनी ताडपत्री ताणली, त्याखाली त्यांना घेतलं. मारीच्या बायकोने सरांना विचारलं, तुम्ही कर्जासाठी बसलात का? सरांनी नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाले, माझं नाव आहे तिच्यावर.

इकडे दुपारी सरांच्या मिसेसचा शाखेत फोन, जेवायला का आले नाहीत? माझी मनःस्थिती अशी की मी सांगून टाकलं, शेषाद्री समुद्रात आहे, सर किनाऱ्यावर आहेत. बाई घाबरल्या. मला सगळं नीट समजावून सांगायला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, मग मी तिकडेच डबा घेऊन जाते. आणि गेल्या.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा दुसऱ्या एका बोटीच्या मागे, दोराला बांधलेली, निळी नाळ दिसली. इंजिन बंद पडलं होतं. चौघे भाऊ होते. मारी पाण्यात उडी टाकून आला, त्याने सरांना बघितलं, आणि धापा टाकत म्हणाला, "सर, शेषाद्री दमला होता. बुडाला नाही."

दुसऱ्या दिवशी सर नाक पुसत कामावर आले. कर्जाच्या मालमत्तेची पाहणी केली की फाईलला शेरा लिहावा लागतो. सरांनी लिहिलं, 'बोट सुस्थितीत. माणसं घरी.'

* * *

शाखेसमोरच्या कडुलिंबाखाली अय्यनारची इस्त्रीची गाडी होती. त्याची मुलगी सेल्वी, हुशार, नर्सिंगला नंबर लागलेला. शैक्षणिक कर्ज म्हणजे प्रायॉरिटीच. सगळं ठरलं आणि ऐन वेळी बापाने पाय मागे घेतला. मुलीच्या डोक्यावर कर्ज असलं तर तिच्याशी लग्न कोण करेल?

सरांनी त्याला समजावलं वगैरे अजिबात नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्वतः एक शर्ट घेऊन त्याच्या गाडीशी जायला लागले. इस्त्री होईपर्यंत उभे राहायचे आणि एवढंच विचारायचे, सेल्वी काय करते? तो म्हणायचा, घरी आहे. पुढच्या दिवशी पुन्हा शर्ट, पुन्हा तेच. असं किती दिवस चाललं कोण जाणे. कॉलेजची शेवटची तारीख जवळ आली तशी आमची घालमेल व्हायला लागली. सर शर्ट घेऊन जातच होते.

एके सकाळी अय्यनार मुलीला घेऊन शाखेत आला. म्हणाला, "कुठे सही करायची ते दाखवा. पण सर, रोज शर्ट आणू नका. तुमच्याकडे तीनच आहेत, विरतील."

सेल्वीचा हात सही करताना इतका कापत होता की पेन टेकेना. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, नुसत्या सह्या आहेत. तीन ठिकाणी कर आणि श्वास सोड.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन घालून मी पलंगावर, नवरा बाहेर बिल भरायला गेलेला. मुख्य सिस्टर ऑपरेशनच्या संमतीचे कागद घेऊन आली. मी पेन धरलं, पण ते टेकेना.

सिस्टरने माझ्या मनगटाखाली हात दिला. "घाबरू नका, मॅडम. नुसत्या सह्या आहेत. तीन ठिकाणी करा आणि श्वास सोडा."

मी वर बघितलं, तेव्हा ती हसत होती.

* * *

सेतुरावांची मुलगी रुक्मिणी आता दुसऱ्या एका बँकेत आहे. काचेची इमारत, गळ्यात कार्ड. ती आमच्याशी मराठीत सुरू होते आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत उतरते. एका रविवारी कॉफी पिताना शेषाद्री सरांनी तिला विचारलं, तुमच्याकडे प्रायॉरिटीचं काय करता?

ती म्हणाली, आता कोणी हिंडत नाही, अंकल. कमी पडलं की सर्टिफिकेट विकत घेतो. दुसऱ्या बँकेने जास्त वाटलेलं असतं, ते त्यांच्याकडून ऑनलाइन मिळतं.

आणि शेतकरी? सरांनी विचारलं. तो त्यांच्याचकडे राहतो, ती म्हणाली. कर्ज पण त्यांच्याच पुस्तकात. आम्हाला फक्त आकडा येतो.

सरांनी पेल्यातली कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात घेतली, एक घोट घेतला. "म्हणजे रामेश्वरला शेजारी चालत गेला आणि पुण्य तुम्ही घेतलं."

रुक्मिणी म्हणाली, "पुण्य नव्हे अंकल, कंप्लायन्स."

सर त्या दिवशी जातानाही जिन्यात हसत होते.

* * *

शेवटचा किस्सा अजून सेतुरावांच्या घरी सांगितला नाही, कारण तो तिथे कसा सांगायचा ते मला आणि सेतुरावांना, दोघांनाही कळत नाही.

मुनियम्मा नावाची एक कुंभारीण होती. नवरात्रात इकडे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलू म्हणतात त्याला. ती त्या बाहुल्या घडवायची. भट्टीसाठी कर्ज हवं म्हणून सेतुरावांनी तिला शाखेत आणलं. सर तिला विचारत होते, माती कुठून आणता, भट्टी केवढी, माल कुठे जातो. ती उत्तरच देईना. नुसती एकदा सरांकडे, एकदा सेतुरावांकडे, एकदा माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, ऐकू येत नसावं. सर खुर्चीत जरा पुढे झाले, तशी ती म्हणाली, "हलू नका."

शाखेत मॅनेजरला असं कोणी म्हटलं नव्हतं. सर हलले नाहीत. तिचं बघून होईपर्यंत तसेच बसले. मग तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. कर्ज मिळालं, भट्टी झाली, आणि पुढे ती कधी शाखेत आली तर आपलं काम करून जायची.

सर गेले, त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेले. या नवरात्राच्या आधी सेतुराव आणि मी मैलापूरला गेलो होतो, देवळाभोवतीच्या रस्त्यावर बाहुल्यांचा बाजार भरतो तिथे. रुक्मिणीच्या घरच्या कोलूसाठी काहीतरी घ्यायचं होतं. एका बाईच्या दुकानात सेट मांडलेले होते. लग्नाचा सेट, बाजाराचा सेट, क्रिकेटचा सेट. त्यांच्या मागच्या ओळीत मातीचं एक छोटं टेबल होतं.

टेबलामागे एक उंच, सडपातळ बाहुली, कपाळावर लाल उभी रेघ. तिच्या एका बाजूला पोटाशी बॅग धरलेला, किंचित वाकलेला माणूस. दुसऱ्या बाजूला एक बाई, खांद्याला केवढी तरी पर्स. समोर खुर्चीत बसलेली एक कुंभारीण, मांडीवर मडकं.

सेतुरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी दुकानातल्या बाईला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, बँक सेट. सासूने साचा केलाय, तिला आता दिसत नाही, पण दरवर्षी हा थोडाफार खपतो. ती आम्हाला ओळखत नव्हती. ओळखायचं काही कारणही नव्हतं.

मला वाटलं, सरांच्या मिसेसना न्यावा. त्यांच्या कोलूवर ठेवतील. बाकीच्या आम्हाला कशाला न्यायचं? मी त्या उंच बाहुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, फक्त मॅनेजर मिळेल का?

तिने माझ्या हाताखालून बाहुली अलगद सोडवली आणि परत टेबलामागे ठेवली.

"सेट आहे हा, अम्मा. सुटा देत नाही. हा नेलात तर बाकीच्यांनी काय करायचं?"